कागदावरची सवत

सुगंधाबाईच्या पोटात दुखायला लागलं की तिचा डावा हात आपसूक कमरेवर जायचा आणि कोपर बाहेर निघायचं. दुखणं वैद्याकडे नेण्यासारखं नव्हतं. शेजारच्या मैनाबाईकडे नवा स्टोव्ह आला, दुखलं. पलीकडच्या खोलीत कुणाच्या माहेराहून पापडांचा डबा आला, दुखलं. बोईसर स्टेशनाच्या मागे पत्र्याची एक लांबलचक चाळ होती. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा त्यावर कामाला आलेली कुठकुठली कुटुंबं तिथे राहायची, नाशिककडची, नगरकडची, पार विदर्भातली. त्या सगळ्यांना सुगंधाबाईचं कोपर ठाऊक झालं होतं. ते दिसलं की बाया एकमेकींना डोळ्यांनी खुणावायच्या आणि हातातली नवी वस्तू पदराखाली घ्यायच्या.

हा स्वभाव तिनं पैठणजवळच्या माहेराहूनच आणला होता. थोरली बहीण झुंबर आणि धाकटी ही. एकदा बापानं जत्रेतून दोघींना बांगड्या आणल्या, एकाच कासाराकडच्या, एकाच रंगाच्या. तरी सुगंधाला झुंबरच्या बांगड्या जास्त हिरव्या दिसल्या. रडून रडून तिनं त्या बदलून घेतल्या, आणि घातल्या मात्र, आपल्या आधीच्याच जास्त हिरव्या होत्या असं तिला वाटायला लागलं. आई म्हणायची, या पोरीला देवानं डोळे दिलेत ते दुसऱ्याच्या ताटात बघायला.

आता खरं सांगायचं तर पोरीचं सगळंच खोटं नव्हतं. झुंबर गोरी, हसरी, नाकाडोळ्यानं नीटस. आल्यागेल्याची नजर आधी तिच्यावर जायची, कौतुक तिचं व्हायचं, आणि मग कुणीतरी उगाच म्हणून सुगंधाच्या डोक्यावरून हात फिरवायचं. उरलंसुरलं खाऊन वाढलेल्या माणसाची जीभ कडू झाली तर त्यात नवल ते काय. आपल्याला बघून कुणाचे डोळे थांबत नाहीत, हे तिला परकर नेसायच्या वयातच कळून चुकलं होतं.

लग्न नागोरावाशी झालं. सासू नाही, नणंद नाही, दीर नाही. बोईसरला एक खोली आणि त्यात एक नवरा. सुगंधाबाईनं पदर खोचून खोली झाडली आणि मनात म्हटलं, हा तरी आपला एकटीचा, इथे वाटेकरी यायचा कुठून?

वाटेकरी रविवारी आला.

नागोराव बांधकामाच्या ऑफिसात ट्रेसर होता. मोठ्या साहेबांनी केलेले नकाशे पातळ कागदावर शाईनं उतरवून काढायचं काम. आठवडाभर सरळ रेघा मारून त्याचं बोट वाकडं होई, आणि रविवार उजाडला की ते बोट त्याला घरी बसू देत नसे. औरंगाबादेत शिकताना त्याला जलरंगाचा नाद लागला होता. रविवारी सकाळी चहा घेतला की फळी, रंगांची पेटी आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून तो गाडीनं पालघरला जायचा. बोईसरात काढण्यासारखं काय आहे, असं त्याचं म्हणणं; खडी, सिमेंट आणि नव्या भिंती. पालघरच्या बाजाररस्त्याची गोष्ट वेगळी होती. दोन्ही अंगांना कौलारू दुकानं, पुढे काढलेली पत्र्याची नि गोणपाटाची छपरं, स्टेशनाकडे निघालेल्या गवताच्या गाड्या, मध्येच मनोरहून आलेली धुळीनं माखलेली एसटी. त्या छपरांच्या फटींतून ऊन रस्त्यात उतरायचं ते तुकड्यातुकड्यांनी. नागोराव ते तुकडे काढायचा.

सुगंधाबाईला चित्रातलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळायचं की त्याच्या चित्राकडे बघितलं की डोळे किलकिले करावेसे वाटतात. सावल्या अशा की आत शिरून दोन घटका बसावं; जांभळ्या, निळसर, कुठे विटकरी. आणि त्यांच्या शेजारी ऊन लख्ख. चाळीतली माणसं चित्र बघायला यायची आणि सुगंधाबाईच्या हातचा चहा पिऊन जायची. ते तिला आवडायचं. नवऱ्याचं कौतुक झालं की पोटात दुखत नाही, हा तिला नवीनच शोध लागला होता.

एका दिवाळीला तिनं धीर करून म्हटलं, एकदा माझं काढा की. नागोरावानं खोलीत चहूकडे पाहिलं. खोलीचं तोंड उत्तरेला, समोर दुसऱ्या चाळीची भिंत. तो म्हणाला, इथं ऊन येत नाही. ऊन नाही तिथं सावली नाही, अन् सावली नाही तर मी काढू काय? हे त्यानं अगदी सरळ मनानं सांगितलं, पीठ नाही तर भाकरी कशाची, असं सांगावं तसं. तिनं ते ऐकून घेतलं आणि विषय बदलला. तेलाच्या डब्यात लावलेल्या तुळशीला पट्टा ओढायला थोडा पांढरा रंग तरी द्या, म्हणाली. तर तो म्हणाला, पांढरा माझ्याजवळ नसतो. मग तिनं चुना लावला. सणाच्या दिवशी नवऱ्याकडे मागितलेल्या दोन्ही गोष्टी मिळाल्या नाहीत, हे तिनं मनात नीट घडी घालून ठेवून दिलं.

आणि मग तिला ती बाई दिसली.

खोलीत दोरी बांधून तिच्यावर चिमट्यांनी चित्रं लावली होती. सुगंधाबाई खालची जागा सारवत होती, वर बघितलं तर एका चित्रात, किराणा दुकानाचं छप्पर संपतं तिथल्या उन्हात, एक बाई उभी. नखाएवढी. पांढरीफेक साडी, डोक्यावर पाटी. तिनं शेजारच्या चित्रात पाहिलं. तिथेही. त्याच्या पलीकडच्यात रस्ता दुसऱ्या टोकाकडून काढलेला, तरी बाई हजर. साऱ्या रस्त्यावर सावली, गाडीवानावर सावली, बैलावर सावली, देवळाच्या पायरीवर सावली, आणि ऊन पडलेलं ते हिच्या एकटीवर. सारवणाचा हात तसाच कमरेवर गेला.

नागोराव ब्रश धूत बसला होता. तिनं विचारलं, "ही कोन?"

त्यानं मान वर न करता सांगितलं, "ती? ती कोणी नाही."

नवरा लोकांना देवानं अक्कल वाटली तेव्हा बरेच जण दुसऱ्या रांगेत उभे असावेत. जगातल्या कुठल्याही बायकोला ‘ती कोणी नाही’ या उत्तराचा एकच अर्थ कळतो. नागोराव आणखी दोन शब्द बोलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सरळ रेघा मारणारा माणूस, विचारलं तेवढंच सांगणार. तो ब्रश झटकत बाहेर गेला, आणि सुगंधाबाईच्या घरात सवत राहायला आली.

तेव्हापासून तिला रविवार नकोसा झाला. नवरा न्हाऊन धुतलेला सदरा घाली, तो कुणासाठी? गाडी चुकू नये म्हणून घाई करी, ती कशाला? परत आला की तोंड उन्हानं लाल झालेलं असे पण मन खूश, शीळ घालत असे. हिनं दिलेल्या भाकरीनं तो कधी शीळ घालत नव्हता. ती चित्र हातात घेऊन आधी बाई शोधायची. नसली तर बरं, असं म्हणत शोधायची आणि असली की जळायची. पण एकदा बाई चटकन सापडेना, तेव्हा ती सापडेपर्यंत तिला चैन पडलं नाही. मत्सराचं असंच असतं. दुखणाऱ्या दाताला जीभ पुन्हा पुन्हा जाऊन लागते.

चाळीत मासे घेऊन नलू यायची, समुद्रकाठच्या दांडी गावची. पैठणकडच्या या बाईला बोंबील खायला तिनंच शिकवलं होतं; ओले बोंबील चिरून पाट्याखाली दाबून ठेवायचे आणि पाणी निथळलं की मग तळायचे, हे सगळं उंबऱ्यात बसून दाखवलं होतं. नलू पालघरच्या बाजारातही बसायची. सुगंधाबाईनं एक दिवस तिच्यासमोर चित्र धरलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ही तुमच्यातली कुणी हाय का गं?

नलूनं मासळीचे हात पाठीमागे घेतले, मान पुढे काढली आणि क्षणात म्हणाली, "ही तं आमची चंद्रकांता हाय. उबी राह्यलीय कशी बग ना. गिराईक उगाच जातं व्हय तिच्याकडं?"

आता या चंद्रकांतेची गोष्ट अशी की ती नि नलू एकाच गावच्या, बाजारात एकमेकींना लागूनच बसायच्या, आणि गिऱ्हाईक नलूसमोरून जाऊन चंद्रकांतेसमोर थांबायचं. मासे त्याच होडीचे, भाव तोच. दोघींचं बोलणं कधीच बंद झालेलं. नखाएवढ्या ठिपक्यात चंद्रकांता ओळखायला नलूला डोळ्यांची गरज नव्हती. तिला एरवीही दुसरं काही दिसत नव्हतं. पण सुगंधाबाईला हे कुठून कळणार? एका जळणारीनं दुसरीला विस्तव दिला आणि पाटी उचलून ती पुढच्या खोलीकडे गेली.

त्याच सुमारास नागोरावाच्या साहेबांनी त्याची चित्रं पाहिली. मुंबईत एक प्रदर्शन भरणार होतं, त्याला एक चित्र पाठव, मी स्वतः नेऊन पोचवतो, असं त्यांनी सांगितलं. नागोराव त्या दिवशी घरी आला तो जमिनीवरून दोन बोटं वर. फाल्गुनातलं स्वच्छ ऊन होतं. ओळीनं कितीतरी रविवार तो एकाच चित्रावर बसला. चित्र झालं तेव्हा खुद्द सुगंधाबाईही हातातलं काम टाकून जवळ आली. तेलवाल्याच्या दुकानाचा काळोख, गवतानं भरलेली गाडी, गोणपाटाच्या छपराखालची निळी गार सावली, सगळं हाताला लागेल असं. आणि मधोमध, ऊन अंगावर घेऊन, ती. आजवर कोपऱ्यात असायची, आता घराच्या मालकिणीसारखी मध्ये आली होती.

चाळ लोटली बघायला. मैनाबाई हनुवटीला बोट लावून म्हणाली, बाई मात्र अशी उभी केलीत हो भावजी, जसं काही चित्र तिच्याचसाठी काढलंय. नागोराव हसला. नाही म्हणाला नाही. आता हे चित्र मुंबईला जाणार, शेकडो माणसं त्या बाईसमोर थांबणार, आणि खाली आपल्या नवऱ्याचं नाव. सुगंधाबाईच्या पोटात असं दुखलं की तिनं चहा टाकायचा म्हणून पाणी ठेवलं आणि ते आटून भांडं करपेपर्यंत तिला कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी नवरा साइटवर गेल्यावर तिनं खोलीला कुलूप लावलं आणि पालघर गाठलं.

बाजाररस्ता तिनं चित्रातून इतका पाठ केला होता की कुणाला विचारावं लागलं नाही. हा किराणावाला, ही तेलवाल्याची पायरी, हा तो कोपरा. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. समोर गोणपाटाच्या सावलीत मासेवाल्या बसल्या होत्या, आणि त्यांतली चंद्रकांता कोणती हे सांगायची गरज नव्हती. भरल्या अंगाची, काळीसावळी, तेज असलेली बाई, नाकात सोनं, अंबाड्यात अबोली, अंगावर लालभडक लुगडं. लाल, पांढरं नाही. ती सावलीत ऐसपैस मांडी घालून बसलेली, डोक्यावर पाटी घेऊन उन्हात उभं राहायची तिला काही हौस दिसत नव्हती. हे सारं सुगंधाबाईनं पाहिलं. पण जळणाऱ्याला उलटा पुरावा डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

नको असलेल्या मांदेलीचा भाव करता करता तिनं विषय काढला, इथं कुणी चित्रं काढायला येतं म्हणे. चंद्रकांतेनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फळीवाला तुझा दादला काय, तिनं विचारलं. मग कोयता खाली ठेवून सविस्तर सांगितलं.

"तो त्या पायरीवर बसतो. आजपातूर एक बोंबील घेतला नाय माज्याकडनं. मी त्या कोपऱ्यावर जरा उबी राह्यली का हात हलवून हाकलतो, बाय, सरका म्हनतो. कोनाची तरी वाट बगतो तो. सारका त्या कोपऱ्याकडं डोला लावून बसलेला. अन मग येकदम अशी घाई करतो का इचारू नको." थोडं थांबून ती म्हणाली, "आमी काय दिसायला वायट हाव? पन आमाला नाय काढत."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून जरा हळूच निघालं, पण सुगंधाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. म्हणजे चंद्रकांता नव्हे. चंद्रकांता असती तर बरं झालं असतं, असं तिला परतीच्या गाडीत वाटलं. चंद्रकांतेला नाक होतं, रंग होता, तिच्याशी स्वतःला ताडून बघता आलं असतं, चार शिव्या देता आल्या असत्या. ही दुसरीच कुणी होती. समोर दिवसभर बसणाऱ्या बाईलाही न दिसणारी, आणि नवरा जिची डोळे लावून वाट बघतो अशी. जिला तोंडच नाही तिच्याशी भांडावं तरी कसं?

घरी आली. चित्र ट्रंकेवर वर्तमानपत्राखाली होतं. तिनं कागद दूर केला. बाई तशीच उभी, उन्हात, निवांत. सुगंधाबाईनं मोरीतलं फडकं भिजवलं आणि पिळलं.

नवऱ्याच्या कष्टांना हात लावायचा तिचा विचार नव्हता, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. रस्ता राहू दे, गाडी राहू दे, दुकानं राहू देत. एवढी नखाएवढी बाई पुसायची की झालं. तिनं बोटाला फडकं गुंडाळून हलकेच फिरवलं. पाटी गेली. डोक्याचा तपकिरी ठिपका गेला. साडी राहिली. तिनं पुन्हा फिरवलं, जरा दाबून. शेजारची सावली सुटली, फडक्यावर आली, आणि पांढरं आणखी मोठं झालं. तिनं आणखी पुसलं. तेलवाल्याचं दार विरघळलं. बैलाचे पुढचे पाय गेले. गोणपाटाखालची ती गार निळाई पाण्यासारखी वाहून फडक्यात आली, आणि बाई जितकी पुसावी तितकी उजळत, पसरत गेली. पुसणाऱ्या हाताला आता राग नव्हता, भीती होती, तरी तो थांबेना. अखेर रस्त्याच्या मधोमध पांढरं मोठं खिंडार पडलं आणि कडेला थोडी छपरं तेवढी लटकत राहिली. सुगंधाबाई जांभळं फडकं मांडीवर घेऊन खाली बसली.

साइटची बस आली, नागोराव आला. दारातच उभा राहिला. तो ओरडला असता, हातातला डबा आपटला असता, तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं चपला काढल्या, चित्राजवळ जाऊन ते पाहिलं. मग तिच्या मांडीवरचं फडकं उचलून बादलीत टाकलं. पाय धुऊन तो तिच्यासमोर येऊन बसला.

"कोणाला पुसत होतीस?"

"त्या बाईला."

"गेली का?"

"नाही," ती म्हणाली. "डोकं गेलं, पाटी गेली. साडी काही जाईना."

"जाईल कशी," नागोराव म्हणाला. "ती मी काढलेलीच नाही."

त्यानं कागदाचा एक कपटा घेतला आणि ब्रशनं सावली भरायला लागला. भरता भरता मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडली. तिला रंग लागू दिला नाही. मग तपकिरी टिंब दिलं आणि त्यावर आडवा फराटा, पाटीचा. सुगंधाबाईच्या डोळ्यांदेखत, रिकाम्या जागेत, ती बाई येऊन उभी राहिली. नागोरावानं सांगितलं की ऊन काही रंगानं काढता येत नाही, तेवढा कागद कोरा सोडावा लागतो. नुसता कोरा सोडला तर काम राहून गेल्यासारखं दिसतं, म्हणून तो वर पाटी ठेवून देतो. बघणाऱ्याला बाई वाटते. आणि वाट म्हणशील तर उन्हाची. छपराच्या कडेवरून ते कोपऱ्यावर उतरलं की फार टिकत नाही, म्हणून घाई.

पांढरा माझ्याजवळ नसतो. सुगंधाबाईला दिवाळी आठवली, चुना आठवला. म्हणजे इतके दिवस ती कोऱ्या कागदावर जळत होती. तिला हसू यायला हवं होतं, लाज तर आलीच. डोळ्यांत पाणी आलं ते चित्रासाठीच होतं. पण पाण्याच्या मागोमाग जुनं दुखणं उठून बसलं, आधीपेक्षा खोल.

"म्हंजे ती कोनीबी असू शकते," ती म्हणाली.

"हो. कोणीही."

"मग ती मी का नव्हते?"

नागोराव बादलीत सुटत चाललेल्या जांभळ्या पाण्याकडे बघत बसला. इतक्या रविवारी आपण एका रिकाम्या जागेला बाई म्हणून उभी केली, आणि घरच्या बाईचं नाव काही मनात आलं नाही, हे त्याला त्या पाण्यात दिसलं असावं.

चित्र मुंबईला गेलं नाही. कागद भिजला, असं त्यानं साहेबांना सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, साहेब म्हणाले. पण पुढच्या वर्षी त्या साहेबांची बदली झालेली होती आणि प्रदर्शनाचं पुन्हा कुणी विचारलं नाही. काय झालं ते चाळीला कळलं नाही. दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

चित्र पुसलं गेलं त्याच आठवड्यातल्या रविवारी नागोराव पिशवी भरून दारापर्यंत गेला आणि थांबला. "चल," म्हणाला. "भाकरीची दुरडी घे."

तिनं हिरवं लुगडं नेसलं. रंग दिसणार नाही, त्यानं सांगून पाहिलं. असू दे, ती म्हणाली, मला दिसंल. पालघरला तो तेलवाल्याच्या पायरीवर बसला आणि ती डोक्यावर रिकामी दुरडी घेऊन सावलीत उभी राहिली. माणसं बघत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग छपराच्या कडेवरून ऊन घसरलं, रस्त्यात आलं, आणि नागोरावानं हात केला. ती जाऊन कोपऱ्यावर उभी राहिली. सगळ्या रस्त्यावर सावली आणि ऊन तिच्या एकटीवर. नवरा बघत होता. मान खाली, मान वर, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि दर वेळी डोळे तिच्यावर थांबत होते. लग्न झाल्यापासून त्यानं तिच्याकडे एवढं कधी पाहिलं नव्हतं.

मध्येच तिची नजर गोणपाटाच्या सावलीकडे गेली. चंद्रकांता मासे विकायचे सोडून तिच्याकडे बघत होती. गिऱ्हाईक पुढे उभं, तरी हिचं लक्ष नाही. त्या डोळ्यांत सुगंधाबाईला काहीतरी फार ओळखीचं दिसलं. आयुष्यभर तिनं ते आपल्या पोटात सांभाळलं होतं, दुसऱ्याच्या डोळ्यांत आपल्यासाठी कधी पाहिलं नव्हतं. तिचा डावा हात कधी कमरेवर गेला, तिचं तिलाही कळलं नाही.

चित्र वाळल्यावर घरी तिनं ते हातात घेतलं. नखाएवढी बाई. हिरवं नाही, तोंड नाही. कोरा कागद, वर पाटी. दोरीवरच्या सगळ्या बायकांसारखीच एक. याच्यासाठी पाय भाजेपर्यंत उभी राहिले होते? ती चित्र खाली ठेवणार, तेवढ्यात तिला त्या बाईच्या पायाशी रस्त्यावर पडलेली सावली दिसली. जांभळी, आखूड, आणि एका बाजूला तिचं कोपर बाहेर आलेलं. तिनं उठून दोरीवरची सगळी चित्रं निरखली. एकाही सावलीला कोपर नव्हतं. नागोराव ब्रश धूत होता. त्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ब्रशाला लागला.

ते चित्र भिंतीवर लागलं. नलू मासे घेऊन आली तेव्हा उंबऱ्यातूनच तिचं लक्ष गेलं. पाटी उतरवून ती आत डोकावली आणि तिचा चेहरा आंबट झाला.

"परत चंद्रकांताच," नलू म्हणाली. "मेलीला काय चडवून ठेवलीय तुज्या दादल्यानं."

सुगंधाबाईच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. हातही आपल्या जागेवर जाऊन बसला होता. तिनं भिंतीवरच्या त्या सावलीकडे एकदा पाहिलं आणि हात कमरेवरून हळूच खाली घेतला.

"हो," ती म्हणाली, "तीच ती."